सेट हलवणारा कामगार सीटकॉमचा लेखक झाला. आज तसं होता येतं का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३५, राहणं लंडनजवळच्या स्लाऊला, नोकरी आयटीत, आणि मनात इंग्रजीत सीटकॉम, म्हणजे अर्ध्या तासाच्या भागांची विनोदी मालिका, लिहायची इच्छा. त्यांनी वाचलंय की जॉन सलिव्हन बीबीसीत सेट हलवायचं काम करायचा, त्याने प्रसिद्ध विनोदी नट रॉनी बार्करच्या हातात काही विनोदी प्रवेश ठेवले आणि पुढे 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' लिहून तो ब्रिटनचा लाडका लेखक झाला. तर अशी ओळख आज कुठे काढायची? एजंट आधी की स्क्रिप्ट आधी? मराठी घरावर लिहिलं तर चालेल का? आणि नोकरी कधी सोडायची? ('द ऑफिस' हा सीटकॉम स्लाऊतच घडतो, तेव्हा मुक्काम तरी बरोबर जागी आहे.)

सलिव्हनची गोष्ट सांगताना लोक मधली वर्षं गाळतात, म्हणून आधी ती वर्षं मांडतो. जन्म १९४६, दक्षिण लंडनमधलं बॅलम. वडील प्लंबर. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती एकही परीक्षा पास न होता. मग रॉयटर्समध्ये निरोप्या, जुन्या गाड्या धुणं-पुसणं, दारूच्या कारखान्यात काम, प्लंबिंग. १९६८ मध्ये मित्राबरोबर लिहिलेली पहिली स्क्रिप्ट बीबीसीने परत पाठवली. त्यानंतरही तो लिहीत राहिला आणि पाठवत राहिला. १९७४ मध्ये बीबीसीत कामगार म्हणून शिरला, ते मुद्दाम, लेखनाच्या जवळ जाता यावं म्हणून. तिथे निर्माता डेनिस मेन विल्सनला गाठलं. विल्सनने सल्ला दिला की आधी छोटी स्केचं, म्हणजे सुटे विनोदी प्रवेश, लिहून हात बसव. बार्करने ती वाचली, आवडली, आणि त्याच्या 'द टू रॉनीज' या स्केचांच्या कार्यक्रमासाठी काम मिळालं. मग रजा काढून सलिव्हनने अर्ध्या तासाची पूर्ण स्क्रिप्ट लिहिली. तिचा पायलट, म्हणजे चाचणीचा भाग, एप्रिल १९७७ मध्ये दाखवला गेला, आणि 'सिटिझन स्मिथ'चे १९८० पर्यंत चार सीझन झाले.

म्हणजे नकारापासून पायलटपर्यंत नऊ वर्षं. बार्करची भेट त्यातला एक तुकडा. खरा प्रश्न 'ओळख कशी काढू' हा नाही. कुणी 'दाखव बघू काय आहे' म्हणालं तर त्या दिवशी तुमच्याकडे दाखवायला काय असेल, हा आहे. ओळखीने मिळतं ते एक वाचन. दुसरं वाचन स्क्रिप्टला स्वतःच मिळवावं लागतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर ठरतात, त्या आधीच सांगून टाकतो. वयाने काही अडत नाही. तुम्ही स्वतः रंगमंचावर उभे राहता की नाही, याने मोठा फरक पडतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेचसे नवे लेखक हे लेखक-कलाकार आहेत. 'फ्लीबॅग' २०१३ मध्ये एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवात एकपात्री होतं, २०१६ मध्ये बीबीसीवर मालिका झालं. 'घोस्ट्स' या मालिकेचे सहाही लेखक स्वतः त्यात भुतं म्हणून वावरतात. निर्मात्याला अशा ठिकाणी आवाज आणि चेहरा एकत्र मिळतो. स्टँड-अप करायची हौस असेल तर करा. नसेल तर ओढूनताणून करू नका. फक्त लिहिणाऱ्याची वाट बंद झालेली नाही. ती लांब आहे आणि कागदावरच्या पुराव्यावर चालते.

तो पुरावा म्हणजे काय हे कळायला इथली कामाची पद्धत समजून घ्यावी लागते. मराठी दैनंदिन मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं दिसतात, कारण रोज एक भाग बाहेर पडायचा असतो. अमेरिकेत वर्षाला बावीस-चोवीस भागांसाठी आठ-दहा लेखक एका खोलीत बसवायची पद्धत पडली. ब्रिटनमध्ये एका सीझनला सहा किंवा सात भाग, आणि ते लिहिणार एक माणूस किंवा एक जोडी. 'फॉल्टी टॉवर्स'चे एकूण भाग १२. 'द ऑफिस'चे ख्रिसमस विशेष धरून १४. दुसऱ्या टोकाला रॉय क्लार्क: 'लास्ट ऑफ द समर वाइन' १९७३ ते २०१०, भाग २९५, सगळे एकट्याने. अपवादही आहेत. 'माय फॅमिली'त अमेरिकन धर्तीवर लेखकांचा गट बसवला होता. राजकारणावरच्या 'द थिक ऑफ इट'मध्येही अनेक जण होते, त्यात इयन मार्टिन सुरुवातीला खास शिव्यांचा सल्लागार म्हणून आले होते. (नोकरी म्हणून याहून चांगलं पद ऐकिवात नाही.) पण मूळ अपेक्षा तीच आहे: कथा, रचना आणि संवाद हे तिन्ही एकाच हाताला जमायला हवेत. म्हणून इथे 'माझ्याकडे भन्नाट आयडिया आहे' या वाक्याला किंमत नाही. स्क्रिप्टा निवडणाऱ्या कुठल्याही वाचकाकडे तशा आयडियांचा ढीग पडलेला असतो. पूर्ण झालेली, तीस पानांची, दोनदा हसवणारी आणि एकदा घशात आवंढा आणणारी स्क्रिप्ट मात्र दुर्मीळ असते.

आता तुमच्या मराठी घराकडे येऊ. विषय चालेल का, याचं उत्तर हो. पण विषयाआधी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे अडकणं. सीटकॉममधली माणसं एकमेकांपासून सुटू शकत नसतात. रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन या लेखकजोडीने बीबीसीच्या 'कॉमेडी प्लेहाउस'साठी वेगवेगळे सुटे अर्धे तास लिहिले. त्यातला ५ जानेवारी १९६२ चा 'द ऑफर' हा भंगारवाल्या बाप-लेकाचा. मुलगा घर सोडून निघतो, गाडीवर आपलं सामान लादतो, आणि गाडी त्याला ओढवत नाही. बीबीसीच्या टॉम स्लोनने त्यातून मालिका करा असा आग्रह धरला आणि 'स्टेप्टो अँड सन' उभी राहिली. 'पॉरिज'मध्ये तर पात्रं अक्षरशः तुरुंगात आहेत. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मधले डेल आणि रॉडनी हे भाऊ एका फ्लॅटमध्ये अडकलेत, कारण आई गेल्यावर डेलनेच धाकट्याला वाढवलं. ते उपकार रॉडनीला फेडता येत नाहीत आणि डेलला विसरता येत नाहीत.

मराठी घराचं उदाहरण घ्यायचं तर सगळ्यांना पहिली सुचते ती ही कल्पना: आई-वडील व्हिजिटर व्हिसावर स्लाऊला येतात. व्हिसा सहा महिन्यांचा, भाग सहा, महिन्याला एक भाग. दिसायला छान जुळतंय, पण यात खोट आहे. या पिंजऱ्याचं दार ठरल्या तारखेला आपोआप उघडतं. प्रेक्षकाला माहीत असतं की विमानाचं परतीचं तिकीट काढलेलं आहे, त्यामुळे सूनबाईंनी फक्त दिवस मोजायचे. दुसरा सीझन तर उभाच राहत नाही. आता हेच थोडं फिरवा. मुलाने घर घेताना डिपॉझिटचे पैसे आत्येभावाकडून घेतले, बदल्यात आत्येभाव वरच्या खोलीत राहतो. त्याचे पैसे परत करायचे तर घर विकावं लागेल, आणि घर विकलं तर मुलाने गावाकडे मारलेल्या सगळ्या थापा उघड्या पडतील. इथे दार कायद्याने बंद नाही, स्वभावाने बंद आहे. आई-वडिलांची फेरी मग एका भागाचा विषय म्हणून मस्त चालेल.

याच संदर्भात आणखी एक. आपल्या चालीरीती इंग्रज वाचकाला समजावून सांगायचा मोह होतो. मग सासू पोह्यांची कृती सांगते आणि शेजारी 'हाउ इंटरेस्टिंग' म्हणतो, आणि दोन पानं मरतात. 'गुडनेस ग्रेशस मी' १९९६ मध्ये रेडिओवर आणि १९९८ मध्ये टीव्हीवर आली, तेव्हा तिने हा सगळा व्यवहार उलटा केला. भारतीय मंडळी इंग्लिश रेस्टॉरंटमध्ये जाऊन गोऱ्या वेटरला पिडतात आणि मेन्यूतला सगळ्यात मिळमिळीत पदार्थ मागतात. कुणी कुणाला काही समजावलं नाही, तरी सगळ्यांना कळलं. वागण्यामागची भूक समजली की चालीरीती आपोआप समजतात. पोहे का करतात हे सांगू नका. कुणासाठी केले आणि कुणाला वाढले नाहीत, एवढं दाखवा.

विनोद कसा बांधतात ते पाहायला सलिव्हनच्या याच मालिकेतले दोन प्रसंग कागद-पेन्सिल घेऊन बघा. पहिला झुंबराचा, डिसेंबर १९८२. डेल आणि रॉडनी एका हवेलीत झुंबरं साफ करायचं काम घेतात. दोघं शिड्यांवर, हातात चादर ताणलेली, वर एक झुंबर. त्यांचे आजोबा वरच्या मजल्यावर बोल्ट सैल करतायत. खाली दोघं तयार, आणि मागे लटकलेलं दुसरंच झुंबर धाडकन जमिनीवर येतं. हसू पडण्यात नाही, आधीच्या दोन-तीन मिनिटांत आहे. आजोबांवर काम सोपवणं धोक्याचं हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. खोलीत झुंबरं दोन आहेत, हे आपण पाहिलंय आणि विसरलोय. चादर ताणताना डेल इतक्या गंभीरपणे सूचना देतो की आपलीही नजर त्याच झुंबरावर खिळते. म्हणजे प्रेक्षकाला सगळी माहिती दिलेली आहे, फक्त चुकीच्या जागी बघायला लावलंय. ही हकीकत सलिव्हनला वडिलांच्या कामातून मिळाली होती. घडलेल्या प्रसंगावरून लिहिताना नवशिके घटना जशीच्या तशी उतरवतात आणि 'पण हे खरंच घडलं होतं' म्हणतात. घडलेलं फक्त शेवटचं सेकंद पुरवतं, आधीची तीन मिनिटं लेखकाने रचायची असतात.

दुसरा प्रसंग १९८९ चा, बारमधून पडण्याचा. सलिव्हनने एका वाइन बारमध्ये पाहिलं होतं की काउंटरची फळी वर उचललेली आहे हे न कळता एक माणूस टेकायला गेला, तोल गेला, पण त्याने स्वतःला सावरलं. स्क्रिप्टमध्ये डेल सावरत नाही. तो ट्रिगर या मित्राला रुबाबात कसं वागायचं ते शिकवत असतो, समोरच्या दोन बायकांवर छाप पाडत असतो, मधल्या वेळात बारमन फळी उचलून बाहेर जातो, आणि डेल आडवाच्या आडवा दिसेनासा होतो. डेलचं काम करणारा डेव्हिड जेसन हात न टेकता, बाजूला न बघता पडला, म्हणून ते इतकं चाललं. लेखकाची करामत एवढीच की पडण्याच्या आधीचं वाक्य रुबाबाबद्दलचं आहे. तेच वाक्य हवामानाबद्दल असतं तर एक माणूस पडला, बस्स. इथे डेलची अख्खी धारणा पडते.

आता हिशेबाचा भाग. बीबीसीचा अर्धा तास म्हणजे साधारण २८ ते २९ मिनिटं. जाहिराती असलेल्या वाहिनीवर २२ ते २४. पटकथेच्या नेहमीच्या मांडणीत, कुरियर १२ टाइपात, एक पान म्हणजे एक मिनिट धरतात. तेव्हा ३० ते ३४ पानं, साधारण साडेपाच-सहा हजार शब्द. प्रेक्षकांसमोर स्टुडिओत होणाऱ्या मालिकेची मांडणी मोकळी असते, त्यात पानं जास्त होतात. सुरुवातीला त्या भानगडीत पडू नका. बीबीसी रायटर्स या नव्या लेखकांसाठीच्या विभागाच्या संकेतस्थळावर प्रसारित मालिकांच्या स्क्रिप्टा मोफत वाचायला आहेत. त्यातल्या पाच-सहा वाचा आणि प्रत्येकीच्या प्रवेशांची यादी काढा: प्रवेश किती, प्रत्येकाची पानं किती, प्रत्येकात काय बदललं. मुख्य कथेचे आठ-नऊ टप्पे आणि उपकथेचे चार-पाच असे काहीतरी आकडे हाती लागतील. ठिकाणं तीन-चार, कायमची पात्रं पाच-सहा. पहिल्याच स्क्रिप्टमध्ये हीथ्रोचं टर्मिनल आणि दोनशे पाहुण्यांचं लग्न घातलं तर निर्मात्याला विनोद दिसायच्या आधी खर्च दिसतो.

लिहिण्याचा क्रम मी असा सुचवेन: तीन-चार पानांचा आराखडा, मग प्रवेशागणिक आठ-दहा पानं, त्यात एकही संवाद नाही. आराखड्यात गोष्ट विनोदी वाटत नसेल तर संवादांनी ती विनोदी होत नाही. मग दोन-तीन आठवड्यांत पहिला खर्डा. दोन आठवडे बाजूला ठेवा. नंतर चार मित्र बसवून मोठ्याने वाचन, हातात स्टॉपवॉच, आणि तुम्ही स्वतः वाचायचं नाही. तुम्ही वाचलंत तर आवाजाने वाक्यं वाचवाल. कुठे हसले त्यापेक्षा कुठे पाणी प्यायला लागले ते टिपा. त्यानंतर दहा ते पंधरा टक्के कापा.

कापणं जिवावर येतं. सलिव्हनलाही यायचं, त्याच्या स्क्रिप्टा लांब होत आणि चांगला मजकूर अर्ध्या तासात मावत नसे, म्हणून १९८९ च्या सीझनपासून भाग ५० मिनिटांचे झाले. पण ती सवलत त्याला आठ वर्षं आणि पाच सीझन अर्ध्या तासात लिहून झाल्यावर मिळाली.

वाचणाऱ्याच्या टेबलावर स्क्रिप्टा नापास होतात त्या बहुतेक तीन-चार कारणांनी. सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात. नावं झाकून वाचा, कोण बोलतंय ते कळलं नाही तर काम बाकी आहे. पहिली सहा पानं ओळखपरेडीत जातात: 'तू माझा मोठा भाऊ, तीन वर्षांपूर्वी तुझा घटस्फोट झाला' असं कुठलाही भाऊ भावाला सांगत नाही. मुख्य पात्राला काही हवंच नसतं. ते बाजूला उभं राहून इतरांवर टोमणे मारतं, आणि असं पात्र म्हणजे बहुतेकदा लेखक स्वतः. शेवट योगायोगाने सुटतो. बीबीसी रायटर्सच्या खुल्या आवाहनात पहिल्या चाळणीला फक्त पहिली दहा पानं वाचली जात आली आहेत. म्हणून दुसऱ्या पानापर्यंत कुणाला काय हवंय ते दिसू द्या, चौथ्या-पाचव्यापर्यंत अडचण, आणि दहाव्या पानावर त्या पात्राने आपणहून असा निर्णय घ्यावा की गोष्ट आणखी चिघळेल. दहावं पान वाचलेल्याला अकरावं वाचावंसं वाटलं की तुमचं काम झालं.

पाठवायचं कुठे? सलिव्हनच्या काळी स्केच शो ही प्रवेशाची पायरी होती आणि रेडिओ ही दुसरी. 'वीक एंडिंग' हा रेडिओवरचा ताज्या घडामोडींची थट्टा करणारा कार्यक्रम १९७० ते १९९८ चालला, त्याच्या बैठकीला कुणीही जाऊन बसू शके आणि घेतलेल्या मजकुराचे मिनिटावर पैसे मिळत. त्याच प्रकारचं दार 'न्यूजजॅक'ने २००९ पासून पुढे उघडं ठेवलं. टीव्हीवरचे स्केच शो आता फार कमी झालेत, रेडिओचं दार अजून किलकिलं असतं. रेडिओला हलकं समजू नका. 'हॅन्कॉक्स हाफ अवर', 'द लीग ऑफ जंटलमेन', 'लिटल ब्रिटन' हे सगळे आधी रेडिओवर होते. रेडिओवर सेटचा खर्च नाही, म्हणून नव्या माणसावर पैसे लावायला भीती कमी. शिवाय दर आठवड्याला ठरल्या वेळी ठरल्या लांबीचं लिहून द्यायची सवय लागते, ती पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते.

टीव्हीचा नेहमीचा रस्ता असा: लेखक, मग स्वतंत्र निर्मिती कंपनीतला विनोदी विभागाचा माणूस, मग वाहिनीचा कमिशनर, म्हणजे मालिका मंजूर करणारा अधिकारी. वाहिनीला थेट पाठवलेली स्क्रिप्ट बहुधा पडून राहते. कंपन्याही बहुतेक एजंटमार्फत आलेलंच वाचतात. मग 'एजंट आधी की स्क्रिप्ट आधी'चं उत्तर: आधी स्क्रिप्ट, त्याआधी एखादा छोटा पुरावा. रेडिओवर घेतलेलं स्केच, स्पर्धेच्या अंतिम यादीतलं नाव, किंवा पबच्या वरच्या खोलीत चाळीस लोकांसमोर केलेलं अभिवाचन. एजंटला पत्र पाच-सहा ओळींचं: मी कोण, काय झालंय, स्क्रिप्टचं एक वाक्यात वर्णन, पाठवू का. ज्या एजंटकडे विनोदी लेखक आहेत त्यालाच लिहा. कुठल्या मालिकेच्या लेखकाचा एजंट कोण ते एजन्सीच्या यादीत दिसतं. एजंट १० ते १५ टक्के घेतो, तेही तुम्हाला पैसे मिळाल्यावर. आधी वाचनशुल्क मागणारा एजंट असेल तर तिथून निघा.

थोडक्यात, दार ठोठावण्याआधी फोल्डरमध्ये हे असू द्या: एक घासूनपुसून तयार अर्ध्या तासाची मूळ स्क्रिप्ट, तिच्याहून अगदी वेगळ्या जातीची दुसरी, आणि आणखी दोन-तीन कल्पना, प्रत्येकी एक पान. एकाच मालिकेचे सहाही भाग लिहून ठेवू नका. पहिल्या बैठकीत 'बहिणीऐवजी शेजारीण केली तर?' असा एक प्रश्न आला की पुढचे पाच भाग रद्दीत जातात.

दुसऱ्या स्क्रिप्टचा आग्रह का, तेही सलिव्हनकडेच बघा. 'सिटिझन स्मिथ' संपल्यावर त्याने फुटबॉल मॅनेजरवर 'ओव्हर द मून' लिहिली. १९८० मध्ये पायलट झाला, आणि बीबीसीने मालिका रद्द केली. करार चालू होता, विषय गेला होता. निर्माता रे बट आणि तो पबमध्ये बसले असताना बोलणं रस्त्यावर सुटकेसमधून माल विकणाऱ्यांवर गेलं, दोघांनाही बाजार लहानपणापासून माहीत होता. त्यातून 'रेडीज' नावाची स्क्रिप्ट झाली, तिचंच पुढे 'ओन्ली फूल्स' झालं. ८ सप्टेंबर १९८१ ला पहिला भाग. पहिल्या सीझनचे प्रेक्षक सरासरी सुमारे ७७ लाख, त्या काळाच्या मानाने बेताचेच. २९ डिसेंबर १९९६ च्या भागाला २ कोटी ४३ लाख. मधल्या काळात आजोबांचं काम करणारे लेनार्ड पिअर्स १९८४ च्या डिसेंबरात वारले. सलिव्हनने ते झाकलं नाही, आजोबांची अंत्ययात्राच लिहिली. कबरीत आजोबांची म्हणून टाकलेली टोपी पाद्रीबुवांची निघते. असा प्रवेश लिहायला पात्रं चार वर्षं सोबत असावी लागतात. आज वाहिन्या इतकी वाट पाहत नाहीत. सहा भागांनंतर निर्णय होतो, आणि बऱ्याच मालिका पहिल्या सीझनवरच संपतात. हा त्या काळात आणि आजच्यात खरा फरक आहे. ओळखीपाळखीचा फरक त्यापुढे किरकोळ.

पैसे आणि हक्क. कंपनीला स्क्रिप्ट आवडली तर ती सहसा 'ऑप्शन' घेते, म्हणजे थोडी रक्कम देऊन वर्ष-दीड वर्ष ती दुसरीकडे न्यायची नाही असा करार. ऑप्शन म्हणजे विक्री नव्हे, आणि मालिका होणार याची खात्रीही नव्हे. करारात तीन जागा बघा: मुदतीत मालिका झाली नाही तर हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतात का; 'मूळ कल्पना' म्हणून तुमचं नाव राहतं का; आणि पुढचे भाग लिहायची पहिली संधी तुम्हालाच आहे का. परदेशी रूपांतराचा हक्क म्हणजे फॉरमॅट, त्याकडे दुर्लक्ष करू नका. बेरिल व्हर्ट्यू या टायपिस्ट-सेक्रेटरी म्हणून लेखकांच्या कचेरीत आल्या, एजंट झाल्या, आणि 'स्टेप्टो'चा फॉरमॅट त्यांनी अमेरिकेत विकला. तो तिथे 'सॅनफर्ड अँड सन' नावाने १९७२ पासून गाजला. सलिव्हनच्या 'डिअर जॉन'चीही अमेरिकन आवृत्ती १९८८ ते १९९२ चालली. आपल्याकडे 'येस मिनिस्टर'चं हिंदी रूपांतर 'जी मंत्रीजी' २००१ मध्ये आलं, फारूख शेख मंत्री. करार सही करण्याआधी रायटर्स गिल्ड ऑफ ग्रेट ब्रिटन या लेखकांच्या संघटनेला दाखवा. बीबीसी, आयटीव्ही आणि निर्मात्यांच्या संघटनेशी किमान दर गिल्डच ठरवतं. भाग प्रसारित झाल्यावर एएलसीएस या संस्थेचे सभासद व्हा. परदेशी पुनःप्रसारण वगैरेंचे दुय्यम पैसे ती गोळा करून देते, आणि कित्येक लेखक ते मागतच नाहीत.

नोकरी केव्हा सोडायची? पहिला सीझन मंजूर झाला म्हणून सोडू नका. फी एकदम हातात येत नाही. काही सही करताना, काही खर्डा दिल्यावर, काही तो स्वीकारल्यावर, आणि सहा भागांचं काम सहज वर्ष-दीड वर्ष चालतं. त्या रकमेला अठरा महिन्यांनी भागा आणि तुमच्या सध्याच्या पगाराशेजारी ठेवा. दुसरा सीझन मंजूर झाला, किंवा वर्षभराचा घरखर्च बाजूला आहे, तेव्हा विचार करा. तोपर्यंत आठवड्याला आठ तास ठरवून घेतलेत तर पहिली स्क्रिप्ट तीन-चार महिन्यांत होते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नाही, पण आयटीतल्या माणसाला ती विचारावीच लागते. तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर त्यावर स्वयंरोजगाराची मुभा नाही, आणि स्क्रिप्टची फी ही बहुधा स्वयंरोजगाराचीच कमाई ठरते. घरी बसून लिहायला कुणी अडवणार नाही. ऑप्शनचा चेक घेण्याआधी मात्र इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवा. इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, हातात असेल तर हा अडसर राहत नाही. मग वर्षाला एक हजार पौंडांवर लेखनाची मिळकत गेली की एचएमआरसी या कर खात्याकडे नोंदणी करायची, एवढंच. आणि आयटी कंपनीच्या नेमणूकपत्रातलं ते कलमही शोधा, ज्यात नोकरीच्या काळात तुम्ही केलेल्या सगळ्या निर्मितीवर कंपनीचा हक्क लिहिलेला असतो. बहुतेक वेळा ते फक्त कामासंबंधीच्या निर्मितीला लागू असतं, पण शब्द नीट वाचा, आणि स्क्रिप्ट कंपनीच्या लॅपटॉपवर लिहू नका.